किलो म्हणजे हजारच

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकही गोष्ट न मोजता मान्य केलेली नाही, आणि या नियमातून मीसुद्धा सुटलो नाही. आमच्या लग्नाच्या बोलणीला ते आले होते. माझ्या वडिलांनी बोलता बोलता माझी उंची पाच फूट सात इंच सांगितली, तेव्हा मामांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली, खिशातून पोलादी टेप काढली आणि मला दाराच्या चौकटीला टेकून उभं राहायला सांगितलं. बाकीची माणसं चमचे हवेत धरून बघत राहिली. "एकशे अडुसष्ट सेंटिमीटर," मामा म्हणाले. "म्हणजे पाच फूट सहा इंच आणि वर जरासं. सात नाहीत." मग बशी पुन्हा उचलून त्यांनी वडिलांना सांगितलं, की मुलगा चांगला वाटतो, आमची हरकत नाही, फक्त यापुढे जे सांगाल ते मापात सांगा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तरी कुणी नवा पाहुणा आला की ते माझी ओळख "आमचे जावई, एकशे अडुसष्ट" अशीच करून देतात.

मामा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. इगतपुरीपासून सटाण्यापर्यंतचे काटे, वजनं, लिटरची मापं आणि मीटरच्या पट्ट्या तपासायच्या आणि त्यांवर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली, पण ही बातमी त्यांना कुणी नीट पोचवलेली दिसत नाही. पेट्रोल पंपावर तपासणीचं पाच लिटरचं माप मागवल्याशिवाय ते स्कूटरच्या टाकीचं झाकण उघडत नाहीत, आणि मागे रांग लागली की रांगेकडे वळून ग्राहकाचे हक्क समजावून सांगतात. डॉक्टरांनी वजन करायला सांगितलं, तर आधी काट्याच्या मागे जाऊन शिक्का कुठल्या वर्षाचा ते बघतात. एकदा डॉक्टर म्हणाले, वजन चार किलोंनी वाढलंय, गोड जरा कमी करा. मामांनी उत्तर दिलं, की तुमच्या काट्याच्या शिक्क्याची मुदत संपली आहे, तेव्हा तूर्त गोड चालू ठेवतो. आमच्या मुलीची गुळाची तुला करायची होती, तर भाड्याने आणलेल्या तराजूची दांडी एका अंगाला झुकते हे पाहून त्यांनी विधीच थांबवला. दांडी सरळ करायला पाऊण तास गेला. गुरुजी मुहूर्त टळतोय म्हणत राहिले, मुलगी तेवढ्या वेळात शेजारच्या परातीतला गूळ खात बसली, आणि तुला झाली तेव्हा दोन्ही पारड्यांतली वजनं बदललेली होती.

कमी मापाचा त्यांना राग, पण जास्त मापाचाही तेवढाच. भाजीबाजारात मखमलाबादकडून माल घेऊन येणारी एक बाई त्यांना गवार तोलून झाल्यावर वरून मूठभर टाकायची. मामा त्या शेंगा एकेक वेचून परत तिच्या टोपलीत ठेवायचे. एके दिवशी ती वैतागून म्हणाली, "बाबा, प्रेमानं दिलेलं बी मोजता का हो तुम्ही?" मामा म्हणाले, "प्रेम वेगळ्या पिशवीत द्या." दुसऱ्या दिवशी तिने खरंच वेगळी पिशवी आणली. मामांची जरा पंचाईत झाली, पण शब्द दिला होता, त्यामुळे ती पिशवी त्यांना घरी न्यावी लागली.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे, आणि आम्ही नेतोही. पण मामांच्या या हट्टामागे एक गोष्ट होती, ती मला बरीच उशिरा कळली. ते नोकरीला लागले तेव्हा कायद्याने किलो आणि लिटर येऊन काही वर्षं झाली होती, तरी खेड्यांत धान्य पायलीनंच मोजलं जाई, आणि पायली गावागणिक निराळी. काही ठिकाणी तर एकाच दुकानात दोन असायच्या. माल घ्यायची मोठी, द्यायची लहान. मजूर बाईला दिवसभराच्या कामाचं धान्य लहान पायलीने मिळायचं आणि ती काही बोलू शकायची नाही, कारण पायली ती पायलीच. मामांनी अशा शेकडो पायल्या, शेर, मापटी, चिपटी जप्त केली, कचेरीच्या मागच्या अंगणात हातोड्याने चेपून भंगारात घातली. "किलो म्हणजे हजार ग्रॅम," हे वाक्य ते अजून असं म्हणतात की ऐकणाऱ्याने नकळत पाठ सरळ करावी. "चांदवडला हजार, पेठला हजार. सावकाराला हजार, मजुराला हजार. यात कुणाची मर्जी चालत नाही." मामांचा देवावर विश्वास आहे की नाही मला ठाऊक नाही, पण हजारावर आहे.

आणि याच माणसाने निवृत्त झाल्यावर, भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून, बारक्या कॅसेटी लागणारा व्हिडिओ कॅमेरा विकत घेतला. जुन्या मापांची नावं ज्यांना तोंडपाठ होती ती माणसं एकेक करून जायला लागली होती. मामांचं म्हणणं असं, की मापं बंद केली ते बरोबर केलं, पण ती कशी होती याची नोंद ठेवायची राहून गेली, आणि नोंदीशिवाय जप्ती हे अर्धवट काम आहे. मग सहा वर्षं मामा आणि मामी स्कूटरवरून जिल्हाभर फिरले. मामा प्रश्न विचारायचे, मामी कॅमेरा धरायच्या. मामींना माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या हातांत जास्त रस, त्यामुळे कॅमेरा हळूहळू खाली घसरायचा आणि निम्म्या चित्रीकरणात नुसते हात दिसतात. मामा यावर अजून कुरकुर करतात. अशा ऐंशी कॅसेटी भरल्या आणि गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या खालच्या खणात जाऊन बसल्या.

गेल्या पावसाळ्यानंतर मामींनी तो खण उघडला तर कॅसेटींवर पांढरी बुरशी धरलेली. पूर्वी लग्नाचं शूटिंग करणारे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे या कॅसेटी चालवणारं यंत्र अजून होतं. त्यांनी एकेक कॅसेट पुसून, महिनाभर खपून, सगळं त्यांच्या संगणकावर उतरवून घेतलं. मात्र एक सांगितलं: या कॅसेटी पुन्हा चालतील याची खात्री नाही, आणि महिनाअखेरीस मी स्टुडिओ बंद करून मुलीकडे राहायला जातोय, संगणक आणि यंत्र दोन्ही एकाने घेतलंय, तेव्हा त्याआधी तुमचं सामान डिस्कवर न्या. मामांनी विचारलं, सामान किती. ते संगणकावर बघून म्हणाले, एका कॅसेटीचं बारा गिगाबाइट, एकूण नऊशे साठ.

मामांनी त्या संध्याकाळी मला बोलावून ही सगळी मापं समजून घेतली. बाइट म्हणजे साधारण एक अक्षर मावेल एवढी जागा. त्यावर किलोबाइट, मग मेगाबाइट, मग गिगाबाइट, मग टेराबाइट. प्रत्येक पायरी हजारपट. "म्हणजे आपलंच," मामा समाधानाने म्हणाले. नऊशे साठ गिगाबाइटला एक टेराबाइट, म्हणजे हजाराची डिस्क पुरते आणि चाळीस उरतात, असा हिशेब करून त्यांनी गंगापूर रोडवरच्या एका दुकानातून डिस्क आणली. स्टुडिओत ती जोडली. संगणकावर तिची एकूण जागा दिसली: नऊशे एकतीस गिगाबाइट. सत्त्याहत्तर कॅसेटी त्यात गेल्या. तीन बाहेर राहिल्या.

मला फोन आला तेव्हा मी कचेरीत होतो. मामा एवढंच म्हणाले, "जावईबापू, एकोणसत्तर कमी आहेत. दुकानात या." मी पोचलो तोवर त्यांनी काउंटरवर कागद पसरून पंचनामा लिहायला घेतला होता. दुकान एक बाई चालवतात, चाळिशीच्या, शांत स्वभावाच्या. मामांनी त्यांना विचारलं की हजाराच्या पोत्यात नऊशे एकतीस भरले तर त्याला काय म्हणतात. बाईंनी पंचनामा नीट वाचला, दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि सही केली.

"सही करते, काका," त्या म्हणाल्या. "पण खोटं कोण ते आधी ठरवा. कंपनीने हजाराने मोजलंय. तुमच्या संगणकाने तेच एक हजार चोवीसने मोजलंय. डिस्क तेवढीच आहे."

"म्हणजे एका बाजारात दोन पायल्या," मामा म्हणाले.

बाईंना ते कळलं नाही, पण मला मामांचा चेहरा दिसत होता. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्याशा दुकानात दुसरी पायली पोत्यामागून बाहेर काढताना तो असाच झाला असणार.

मामांनी तीन दिवस घरी बसून हिशेब केला. कॅल्क्युलेटरवर त्यांचा विश्वास नाही, कारण त्याच्यावर शिक्का नसतो. त्यांनी मोठे कागद जोडून एकावर बारा शून्यं लिहिली, त्याला एक हजार चोवीसने भागलं, आलेल्या उत्तराला पुन्हा भागलं, आणि तिसऱ्यांदा भागल्यावर खाली नऊशे एकतीस आले. तो कागद मी पाहिला आहे. शेवटच्या आकड्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या आहेत आणि शेजारी लिहिलं आहे, "माल पूर्ण." डिस्कमध्ये हजार अब्ज बाइट होते, खोक्यावर लिहिल्याप्रमाणे, एकही कमी नाही. कंपनी खरी, दुकानदार खरी. संगणक मात्र पायरीपायरीला हजारावर चोवीस जास्त धरून मोजत होता आणि नाव तेच सांगत होता, किलो, मेगा, गिगा.

चौथ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून मामा दुकानात गेले आणि पंचनामा लेखी मागे घेतला. सबंध नोकरीत त्यांनी एकाही खऱ्या मापाला खोटं म्हटलं नव्हतं, असं त्यांनी बाईंना उभ्यानेच सांगितलं, आणि हे पहिलं. बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी चहा मागवला. मामांनी तो घेतला, यावरून मामांना किती लागलं असेल याची कल्पना येईल, कारण ते तपासणीला जात त्या दुकानात कधी पाणीही प्यालेले नाहीत.

आता भांडण उरलं ते संगणकाशी. आम्ही सगळ्यांनी सांगितलं की मामा, आणखी एक लहान डिस्क घ्या, तीन कॅसेटी तिच्यावर टाका, विषय संपला. मामांनी साफ नकार दिला. दुसरी डिस्क घेणं म्हणजे एक हजार चोवीसचा किलो मान्य करणं, आणि तो मामा मरेपर्यंत मान्य करणार नव्हते. "मी लोकांच्या घरातली भांडी हातोड्याने फोडली आहेत," ते म्हणाले. "कशासाठी, तर किलो म्हणजे हजार म्हणून. आता एक यंत्र येऊन सांगणार की हजार म्हणजे हजार चोवीस, आणि मी मान डोलवू?" शूटिंगवाल्या गृहस्थांनी भीत भीत सुचवलं की फायली दाबून लहान करता येतात, चित्रात फरक दिसत नाही. मामा म्हणाले, पोत्यातून मूठभर धान्य काढलं तरी फरक दिसत नाही, म्हणून तर आमचं खातं काढावं लागलं.

असे महिन्याचे दिवस सरत चालले. तारीख सव्वीस झाली. मग मामींनी तोंड उघडलं. मामी कमी बोलतात, पण त्यांचं बोलणं मामांनी आजवर मोजलेलं मी पाहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, "तीन कॅसेटी सोडायच्या असतील तर कोण सोडतोय ते एकदा बघू तरी. शेवटी आले म्हणून गाळायचं, हा काय न्याय झाला?" त्यांनी चित्रीकरणाच्या नोंदींची वही काढली. बाहेर राहिलेल्या तीन कॅसेटींत सात माणसं होती. सुरगाण्याकडचे दोघे भाऊ, लासलगावचा एक हमाल, आणि असेच. सातांतलं कुणी आता हयात असेल असं मामींना वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं स्टुडिओत जाऊन बसलो. अर्धं सामान बांधून झालं होतं, खुर्च्या दोनच होत्या, मी एका खोक्यावर बसलो. एकोणऐंशीव्या कॅसेटीत चांदवडकडची एक म्हातारी निघाली. पडद्यावर अर्थातच तिचे हातच होते, सुपात बाजरी आणि त्यावर ते काळे, गाठी आलेले हात. मामांचा चौदा-पंधरा वर्षांपूर्वीचा आवाज तिला मापं विचारत होता, आणि ती बाजरी या ओंजळीतून त्या ओंजळीत करत सांगत होती, दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. मण? मण कुठं बारा पायल्यांचा असंल, आमच्याकडं सोळा.

"मग दहा-दहाने का नाही मोजायचं?" पडद्यामागच्या मामांनी विचारलं.

म्हातारी हसली. "दोन हात हायेत ना, सायेब. ह्या हातातलं त्या हातात वतलं, सारखं झालं का कळतंय. दहाला काय करायचं?"

मग थोडा वेळ तिने नुसती बाजरी खेळवली आणि म्हणाली, "माझी पायली तुम्हीच नेली व्हती. पितळेची. लग्नात माहेरून आणलेली." कॅमेरा जरासा हलला. "ती खोटी नव्हती, सायेब. येगळी व्हती."

आणि मामांचा आवाज म्हणाला, "बरं. आता सांगा, तेल कशाने मोजायचे?"

मामांनी तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी ते स्वतःचं "बरं" ऐकून डोळे मिटून बसले. मामींनी विचारलं, तुम्हाला ती पायली आठवते का. मामांनी खरं ते सांगितलं. नाही आठवत. शेकडो होत्या.

मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि बांधायच्या खोक्यावरच आकडे मांडले. निळव्यापासून पायलीपर्यंत सहा वेळा दुप्पट, म्हणजे चौसष्ट. चौसष्ट गुणिले सोळा पायल्या. त्या म्हातारीच्या मणात एक हजार चोवीस निळवी होती. मामा त्या आकड्याकडे बघत राहिले. शूटिंगवाल्यांना काय झालं ते कळेना, म्हणून मी सांगितलं की संगणकसुद्धा दुपटी-दुपटीनेच मोजतो, दहा वेळा दुप्पट केलं की एक हजार चोवीस येतात.

"म्हणजे हे तिचंच माप झालं की," मामी म्हणाल्या.

मामांनी मान डोलवली. मला वाटलं, आता तरी ते हरले. पण मामा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "दुपटीने मोजायला माझी काही हरकत नाही. पण मग त्याला किलो म्हणायचं नाही. ती बाई तिच्या पायलीला किलो म्हणत नव्हती. पायलीच म्हणत होती."

तिथून ते थेट दुकानात गेले आणि दुसरी डिस्क मागितली. बाई काही बोलायच्या आत त्यांनी बजावलं, की ही डिस्क सात माणसांसाठी घेतो आहे, हिशेब मला अजूनही मान्य नाही, या मापाला वेगळं नाव पाहिजे. बाई म्हणाल्या, "नाव आहे की, काका." जगातल्या मापं ठरवणाऱ्या लोकांनी ही नावं केव्हाच देऊन ठेवली आहेत: एक हजार चोवीसचा तो किबीबाइट, त्याच्यावर मेबीबाइट, त्याच्यावर गिबीबाइट. किलो, मेगा, गिगा ही फक्त हजाराची. मामांनी आधी ती नावं दोनदा म्हणून घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आनंद आला, आणि त्याच्या पाठोपाठ संताप. नावं आहेत, आणि कुणी वापरत नाही? त्यांच्या आग्रहाखातर बाईंनी दोन्ही डिस्कांच्या पावत्यांवर छापील आकड्याखाली पेनने गिबीबाइटचा आकडा लिहून सही केली. स्टुडिओ बंद व्हायच्या आदल्या दिवशी सातही माणसं डिस्कवर आली.

तेव्हापासून नाशिकमध्ये गिबीबाइटचा प्रसार करणारे मामा एकटेच आहेत. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींचे फोन ते मागून घेतात, जागा किती दाखवतोय ते बघतात आणि मनातल्या मनात भागाकार करून खरी किती ते सांगतात. दोन निवृत्त प्राध्यापकांनी त्यामुळे फिरायची वेळ बदलली. कंपन्यांना त्यांनी पत्रं लिहिली आहेत, एकाचंही उत्तर नाही, तरी दर महिन्याला स्मरणपत्र जातं. परवा एका लग्नात शेजारच्या पंगतीतला तरुण म्हणाला की आजोबा, पाच-सात टक्क्यांचा फरक, त्याने कुणाचं काय बिघडतं. मामांनी जिलबी बाजूला ठेवून त्याला सांगितलं, की माझ्या हिशेबात त्याने सात माणसं बिघडणार होती. तरुणाला वाटलं म्हातारा चळला आहे. मी खुलासा केला नाही. मामांनाही नको होता.

थंडीत, कांद्याची लागवड चालू होती तेव्हा, मी मामा-मामींना गाडीतून चांदवडकडे घेऊन गेलो. वहीत गावाचं नाव होतं, घर विचारत गेलो. म्हातारी नऊ वर्षांपूर्वी गेली होती. तिची सून भेटली, साठीची, शेतातून नुकतीच आलेली, पायांना चिखल. मामा अंगणात उभे राहिले आणि त्यांनी घरून पाठ करून आणल्यासारखं सांगितलं, की तुमच्या सासूबाईंची पितळेची पायली मी जप्त केली होती, ती कायद्याने घेतली, पण त्या म्हणाल्या ते खरं होतं, ती खोटी नव्हती. बाईने ते ऐकून घेतलं. म्हणाली, असंल, सायेब, त्याचं एवढं काय. बसा. आमच्या सासूबाई हायेत का त्यात?

ओट्यावर माझा लॅपटॉप ठेवून आम्ही तिला कॅसेट दाखवली. निळवं, कोळवं, चिपटं हे सगळं तिने नुसतं पाहिलं. पण तेलाच्या मापाचं बोलणं संपल्यावर मामींनी कॅमेरा बंद करायचं विसरून तो तसाच मांडीवर ठेवला होता, आणि त्यात पुढची दीड मिनिटं म्हातारी शेळीला हाका मारते, चुलीत फुंकते, कुणाला तरी गमतीने शिवी देते, खोकते आणि हसते. बाईने तेवढं चारदा लावायला सांगितलं.

"अजून हाय का?" तिने विचारलं.

"एकूण अकरा मिनिटं आहेत," मामा म्हणाले.

"एवढंच?"

सहा वर्षं माणसांच्या दारात जाऊन त्यांनी फक्त मापं विचारली होती. ते हळू आवाजात मला म्हणाले, "तिचं माहेर कुठलं, तेसुद्धा विचारलं नाही मी."

"सटाण्याकडचं," बाईने ऐकलं होतं. मग ती आपणहून बोलायला लागली. सासूबाई कशा होत्या, चिडल्या की अहिराणीत कशा बोलायच्या, दुष्काळाच्या साली खडी फोडायला दोघी कशा जायच्या. मामींनी मामांच्या हातातला फोन काढून घेतला आणि चित्रीकरण सुरू केलं. मामांनी एकही प्रश्न विचारला नाही. पंधरा-वीस मिनिटांनी फोन थांबला. जागा संपली, असं त्यावर आलं होतं. बाई मध्येच गप्प झाली, आपलं काही चुकलं की काय असं वाटून.

मामांनी फोन घेतला. त्यात काट्यांवरच्या शिक्क्यांचे फोटो होते, पेट्रोल पंपांच्या मापांचे, त्यांनी कंपन्यांना धाडलेल्या पत्रांचे, त्या पत्रांच्या पोचपावत्यांचे. शेकडो. चष्मा कपाळावर सरकवून, ओट्याच्या कडेला बसून, ते एकेक पुसत गेले. किती मोकळं झालं ते त्यांनी पाहिलं नाही. मग फोन मामींच्या हातात परत दिला आणि त्या बाईकडे बघून म्हणाले, "बोला तुम्ही. जागा भरपूर आहे."